एक्स्टर्नल वेस्टगेट: बूस्ट का चढतो, गेट कुठे जोडायचं, काय तपासायचं

शेंद्रा_टर्बो

टर्बोच्या गाड्यांवर काम करणारे आपल्या भागात आता बरेच झालेत. वेस्टगेटबद्दल मात्र तेच प्रश्न सुट्टे-सुट्टे फिरत राहतात. सगळं एका ठिकाणी असावं म्हणून हा धागा. फक्त एक्स्टर्नल गेटबद्दल बोलू.

आधी मूळ काम. टर्बाइनला जेवढा एक्झॉस्ट गॅस मिळेल तेवढी ती जोरात फिरते, तेवढा कॉम्प्रेसर जास्त हवा दाबतो, तेवढं इंजिन आणखी गॅस बाहेर टाकतं. हे चक्र स्वतःहून थांबत नाही. धरण भरलं की जायकवाडीचे दरवाजे उघडून जादा पाणी नदीत सोडतात, तसं वेस्टगेट जादा गॅस टर्बाइनला वळसा घालून सोडून देतं. म्हणजे गेट बूस्ट (कॉम्प्रेसरने दाबलेल्या हवेचं जादा प्रेशर) 'बनवत' नाही, टर्बाइनकडे जाणारा गॅस कमी करून बूस्ट धरून ठेवतं.

कंपनीच्या बहुतेक गाड्यांत इंटर्नल गेट असतं. टर्बाइन हाउसिंगमध्येच एक भोक, त्यावर झडप, बाहेर डबा आणि दांडा. जागा कमी लागते, स्वस्त पडतं. पण भोक लहान असतं, आणि वळसा घेतलेला गॅस टर्बाइनच्या तोंडाशीच पुन्हा मुख्य प्रवाहात घुसून त्याला अडवतो. एक्स्टर्नल गेट म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (सिलिंडरांचा गॅस गोळा करून टर्बोला नेणारे पाईप) बसवलेला वेगळा व्हॉल्व्ह. इंजिनच्या हेडमधल्यासारखाच मशरूम व्हॉल्व्ह, खाली सीट, वर स्प्रिंग आणि डायफ्राम (लवचिक पडदा). रस्त्यावरच्या गाडीत ही कल्पना नवी नाही, १९७५ च्या सुमाराची पोर्शे ९११ टर्बो एक्स्टर्नल गेटवरच चालायची.

डायफ्रामच्या दोन बाजूंना दोन पोर्ट असतात. खालच्या पोर्टात बूस्टचं प्रेशर दिलं की डायफ्राम वर उचलला जातो आणि व्हॉल्व्ह उघडतो. वरच्या पोर्टात प्रेशर दिलं तर ते स्प्रिंगच्या मदतीला येतं आणि व्हॉल्व्ह बंद धरतं. बाकी सगळी भानगड या दोन नळ्यांचीच आहे.

तिसरी एक ताकद लोक धरतच नाहीत: व्हॉल्व्हच्या तोंडावर खालून दाबणारा एक्झॉस्ट गॅस. हिशोब करून बघा. डायफ्रामचं परिणामी क्षेत्रफळ ३० चौ. सेंमी धरू. ०.७ बार बूस्टला त्यावर साधारण २१० न्यूटन जोर येतो. ३८ मिमी व्हॉल्व्हचं तोंड ११.३ चौ. सेंमी. टर्बाइनच्या आधी मॅनिफोल्डात १.० बार प्रेशर असेल तर खालून ११३ न्यूटन. इंजिन वर फिरल्यावर तेच प्रेशर १.६ बार झालं तर १८१ न्यूटन. म्हणजे ६८ न्यूटन फुकट वाढले, आणि डायफ्रामच्या भाषेत ते जवळपास ०.२३ बार होतात. तेवढ्या कमी बूस्टला गेट उघडायला लागतं. तोच डायफ्राम आणि ४४ मिमी व्हॉल्व्ह घेतला तर फरक ०.३० बार. म्हणून डब्यावर लिहिलेला स्प्रिंगचा आकडा आणि गेजवर दिसणारा बूस्ट तंतोतंत जुळेलच असं नाही. स्प्रिंग खराब आहे असं लगेच ठरवू नका.

साईझबद्दल उलटं वाटेल असं एक सूत्र: बूस्ट कमी आणि इंजिन मोठं, तर गेट मोठं लागतं. बूस्ट भरपूर आणि टर्बो त्या मानाने मोठा, तर लहान गेट पुरतं. कारण कमी बूस्ट धरायचा म्हणजे जास्त गॅस वळसा घालून सोडावा लागतो.

माझं ठाम मत सुरुवातीलाच सांगतो. गेट कोणत्या कंपनीचं यापेक्षा त्याचा पाईप मॅनिफोल्डवर कुठून आणि कोणत्या कोनात फोडला यावर बूस्ट स्थिर राहणं जास्त अवलंबून आहे.

बालाघाट_बीड

बरं झालं धागा काढला. सरळ प्रश्न टाकतो. १.८ लिटर, ४ सिलिंडर, २० व्हॉल्व्ह पेट्रोल, गॅरेट जीटी२८ मालिकेतला टर्बो, बनवून घेतलेला स्टीलचा मॅनिफोल्ड, ३८ मिमी गेट, ०.६ बारची स्प्रिंग. ३८०० आरपीएमला ०.६ येतो, ५००० ला ०.८, ६३०० ला १.०५. बूस्ट कंट्रोलर काही नाही, खालच्या पोर्टाला एक नळी आणि वरचा मोकळा. गेट ४४ चं घ्यावं का?

शेंद्रा_टर्बो

थांबा, पैसे घालू नका अजून. हे सांगा: पाईप कुठून काढलाय, त्याचा आतला व्यास किती, वळणं किती, खालच्या पोर्टाची नळी कुठून घेतलीय आणि त्याच नळीवर अजून काही जोडलंय का. आणि तोवर ५००० च्या वर फिरवू नका. ईसीयूमध्ये (इंजिनचा कॉम्प्युटर) ओव्हरबूस्टचा फ्युएल कट लावा, म्हणजे बूस्ट मर्यादेपुढे गेला की इंधन बंद होतं. बीडला बाहेरची हवा साधारण ९५ किलोपास्कल, ०.६ बार म्हणजे मॅप सेन्सरवर (इनटेकमधलं एकूण प्रेशर मोजणारा) १५५. कट १७५ ला ठेवा.

लेथवाला_वाळूज

आकड्यांवरूनच दिसतंय की हा क्रीप आहे. दोन शब्द लोक सरमिसळ करतात म्हणून सांगतो. आरपीएमबरोबर बूस्ट हळूहळू चढत राहतो तो क्रीप: गेट पूर्ण उघडलंय पण गॅस पुरेसा निघत नाही. थ्रॉटल दाबल्यावर क्षणभर वर उसळून परत खाली येतो तो स्पाइक: गेट उशिरा उघडतंय. पहिल्याचं औषध पाईपात आहे, दुसऱ्याचं नळी आणि सोलेनॉइडमध्ये (नळीतली हवा वळवणारा विजेचा व्हॉल्व्ह).

मॅनिफोल्ड बनवणाऱ्यांसाठी:

गेटचा फाटा सगळे रनर (एकेका सिलिंडरचे पाईप) एकत्र येतात त्या कलेक्टरवर घ्या, टर्बोच्या फ्लँजच्या अलीकडे. एकाच रनरवर घेतला तर बाकीच्या तीन सिलिंडरच्या गॅसला उलटं फिरून यावं लागतं, तो येत नाही. फाट्याचा कोन गॅसच्या दिशेने तिरका हवा, ३० ते ४५ अंशांत. ९० अंशांत उभा फाटा जागेला सोयीचा पडतो म्हणून बहुतेकजण तोच करतात. गॅस वेगात आहे, तो काटकोनात वळत नाही, सरळ टर्बाइनमध्येच जातो. कलेक्टरला पाईप बसतो त्या जागी आतलं भोकही नीट पूर्ण कापलं पाहिजे. बाहेरून पाईप ३८ चा आणि आत कापलेलं भोक २८ चं, असं काम सर्रास दिसतं, आणि वेल्ड झाल्यावर बाहेरून ते कळत नाही. बोट घालून, नाहीतर आरसा लावून बघा.

वेल्डिंग: एसएस ३०४ ला ३०८एल फिलर, एसएस ३२१ ला ३४७. काळं लोखंड आणि स्टेनलेस जोडायचं तर ३०९एल. स्टेनलेस असेल तर पाईपाच्या आतूनही आर्गन सोडा. नाहीतर आतल्या बाजूला जळकी खडबडीत पपडी धरते आणि तीच तुटून टर्बाइनच्या पात्यांवर जाते. गेट बसवून फ्लँज वेल्ड करू नका. उष्णतेने डायफ्राम जातो आणि सीट वाकडी होते. फ्लँज जाड प्लेटला बोल्ट करा, नाहीतर व्ही-बँडच्या जोडीदार फ्लँजला क्लॅम्प करा, समोरासमोर थोडं-थोडं वेल्ड मारत जा. गार झाल्यावर तोंड वाकलं असेल तर लेथवर फेसिंग मारा. वाळूजला, चिकलठाण्याला हे काम करणाऱ्या लेथ गल्लोगल्ली आहेत, एवढ्यासाठी गॅस्केट दुप्पट लावून भागवू नका. दुप्पट गॅस्केट महिनाभरात उडतं.

बालाघाट_बीड

माहिती: फाटा ४ नंबर रनरवर, काटकोनात. पाईपाचा आतला व्यास ३५. लांबी अंदाजे २५ सेंमी, दोन बेंड. नळी इनटेक मॅनिफोल्डवरून, त्याच नळीवर टी टाकून बूस्ट गेज आणि ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (थ्रॉटल सोडल्यावर कोंडलेली हवा सोडणारा).

मांजरापट्टा

हे वाचूनच उत्तर दिसतंय, पण अंदाजावर मॅनिफोल्ड कापू नये. खात्रीची चाचणी सांगतो, तासाभराचं काम आहे.

सगळ्यात हलकी स्प्रिंग टाका, ०.३ बारची असेल तर उत्तम. खालच्या पोर्टाला कॉम्प्रेसर हाउसिंगवरून थेट एकच नळी, मध्ये टी नाही. वरचा पोर्ट हवेला मोकळा. डायनोवर (गाडी जागेवर रोलरवर चालवून ताकद मोजणारं यंत्र) चौथ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर ओढा, आकड्यांची नोंद म्हणजे लॉग घ्या. बूस्ट ०.३-०.४ ला धरून राहिला तर पाईप ठीक आहे, दोष नळीत होता. हलक्या स्प्रिंगवरही वर जाऊन ०.८-०.९ होत असेल तर गेट पूर्ण उघडूनही गॅस निघत नाही, पाईप बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. ४४ चं गेट त्याच काटकोनी ३५ च्या पाईपावर बसवलं तर काडीचाही फरक पडणार नाही, अडचण गेटच्या आधीच आहे.

स्प्रिंग बदलताना झाकण एकदम सोडू नका. आतली स्प्रिंग चांगली दाबलेली असते, शेवटचा स्क्रू निघाला की झाकण उडतं. समोरासमोरचे दोन स्क्रू काढून त्या जागी लांब बोल्ट घाला, मग बाकीचे काढा आणि दोन्ही बोल्ट आलटून पालटून सैल करा. परत बसवताना डायफ्रामला घडी पडू देऊ नका. झाकण घट्ट करताना डायफ्राम पिळला गेला तर तो पुढे तिथूनच फाटतो.

आणि ही चाचणी समृद्धीवर करू नका हो. तिथे कारची मर्यादा १२० ची, आणि चौथ्या गिअरमध्ये ६३०० आरपीएम म्हणजे तुम्ही त्याच्या कितीतरी पुढे असता. शिवाय लॅपटॉपकडे बघत गाडी चालवणं जिवावरचं काम आहे.

गोदाकाठ

नळीच्या जागेबद्दल भर घालतो, कारण इनटेक मॅनिफोल्डवरून नळी घेणं ही फार पसरलेली सवय आहे.

थ्रॉटलच्या पुढून नळी घेतली की आयडलला त्यात व्हॅक्यूम येतो. डायफ्राम रोज उलटा ओढला जातो. शिवाय थ्रॉटल अर्धा असताना कॉम्प्रेसरच्या तोंडाशी प्रेशर जास्त आणि इनटेक मॅनिफोल्डात कमी असतं. गेटला ते दिसतच नाही, टर्बो उगाच पळत राहतो. म्हणून कॉम्प्रेसर हाउसिंगचा निप्पल सर्वांत चांगला. फक्त एक लक्षात ठेवा: इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारी जाळी) आणि पाईपांत थोडं प्रेशर पडतं. ते ०.१ बार असेल तर गेट ०.७ ला उघडेल तेव्हा इंजिनला ०.६ मिळतोय. गेज इनटेक मॅनिफोल्डवर असतं, म्हणून बूस्ट कमी वाटतो.

नळी जेवढी आखूड तेवढं बरं. हाउसिंगपासून ३०-४० सेंमीत आटपावी. गेटजवळचा भाग रबराचा ठेवू नका. तिथे तांब्याची किंवा स्टीलची बारीक नळी, नाहीतर स्टीलच्या जाळीतली टेफ्लॉन नळी वापरा. खालची नळी फुटली तर गेटला सिग्नलच जात नाही, व्हॉल्व्ह बंद राहतो आणि बूस्टला वरची सीमा उरत नाही. इंजिन जातं ते असं. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४४ ला जातो. बॉनेटखाली उभ्या गाडीत साधी व्हॅक्यूम नळी दोन उन्हाळ्यांत कडक होते. नळ्या दरवर्षी वाकवून बघायच्या, चिरा दिसल्या की बदलायच्या. क्लिप प्रत्येक टोकाला लावा.

वरचा पोर्ट मोकळा असेल तर तोंड खाली करून छोटा जाळीचा फिल्टर लावा. कुंभारमाशीला अशी भोकं फार आवडतात. चिखलाने भोक बुजलं की वरची हवा कोंडते, ती स्प्रिंगसारखी काम करते आणि बूस्ट वाढतो.

जालना_डिझेल

स्कॉर्पिओच्या एमहॉक इंजिनला एक्स्टर्नल गेट लावून फायदा होतो का? एक गॅरेजवाला लावून देतो म्हणतोय.

शेंद्रा_टर्बो

नको. त्यात व्हीजीटी टर्बो आहे. टर्बाइनभोवतीची पाती उघडझाप करून बूस्ट सांभाळतो, त्यामुळे त्याला वेस्टगेटच लागत नाही. बूस्ट कमी-जास्त होत असेल तर पाती काजळीने अडकलीत का, अॅक्च्युएटरचा व्हॅक्यूम येतो का ते बघा. तुलनेसाठी फियाटचं १.३ मल्टीजेट घ्या. ७५ हॉर्सपॉवरच्या प्रकारात साधा टर्बो आणि इंटर्नल गेट, ९० च्या प्रकारात व्हीजीटी. त्या ७५ वाल्यालाही रस्त्यावर एक्स्टर्नल गेटची गरज पडत नाही.

जालना_डिझेल

कळलं. व्हॅक्यूम बघतो आधी.

लेथवाला_वाळूज

गेटच्या बाहेरच्या पाईपाबद्दल कुणी बोललं नाही. दोन मार्ग असतात: थेट हवेत सोडायचा, नाहीतर डाऊनपाईपात (टर्बाइननंतरचा एक्झॉस्ट पाईप) परत आणायचा.

परत आणायचा असेल तर टर्बाइनच्या तोंडाला लागून जोडू नका. किमान ३० ते ४५ सेंमी पुढे, तिरक्या कोनात मिळवा. आणि मध्ये बेलोज (घड्यांचा लवचिक तुकडा) पाहिजेच. स्टेनलेस ३०४ मीटरला दर अंशाला १७ मायक्रॉन वाढतं. अर्धा मीटर पाईप ६०० अंशांनी तापला तर ५ मिमी लांबतो. दोन्ही टोकं पक्की वेल्ड असतील तर ते ५ मिमी जाणार कुठे? गेटचा फ्लँज ओढला जातो, सीट वाकते, नाहीतर वेल्ड तडकतं. 'गेट लीक होतंय' म्हणून येणाऱ्या कितीतरी गाड्यांत दोष या ताठ पाईपाचा असतो.

तुळजाई_रेसिंग

परत जोडण्यात नुकसान आहे. थेट हवेत सोडलेला पाईप सगळ्यात मोकळा, क्रीप कमी, डाऊनपाईपात गोंधळ नाही. स्पर्धेच्या गाडीत तोच योग्य.

गोदाकाठ

प्रवाहाच्या बाबतीत बरोबर आहे, पण रस्त्यावरच्या गाडीला मी तो मार्ग सुचवणार नाही. गेट उघडलं की तेवढा गॅस कॅटॅलिस्ट आणि सायलेन्सर दोन्ही चुकवून बाहेर. आवाज कानठळ्या बसवणारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधन आहे, आणि आवाज-धुरासाठी कलम १९०(२) आहे. वस्तीतून, दवाखान्यासमोरून जायचं असतं. शिवाय पाईपाचं तोंड बॉनेटखालीच संपत असेल तर ८००-९०० अंशांचा गॅस वायरिंगवर, ब्रेकच्या नळ्यांवर जातो. मोठ्या व्यासाचं आणि तिरकं परत जोडलं तर फरक फार पडत नाही.

तुळजाई_रेसिंग

रस्त्याच्या गाडीसाठी मान्य. मी फक्त ट्रॅकच्या गाडीचं बोलत होतो, आणि तिथेही तोंड गाडीच्या खाली-मागे न्यावं, हे बरोबर.

ट्विन स्क्रोलचं (टर्बाइनला गॅस दोन वेगळ्या वाटांनी देणारी रचना) एक घालतो. १-४ आणि २-३ सिलिंडर वेगळे ठेवलेल्या मॅनिफोल्डला एकच गेट एका बाजूवर लावून चालत नाही. दोन्ही बाजू गेटच्या आधी एकत्र केल्या तर एका सिलिंडरचा धक्का दुसऱ्याच्या पाईपात शिरतो, आणि ट्विन स्क्रोलसाठी केलेला खर्च तिथेच वाया जातो. दोन लहान गेट घ्या, नाहीतर एकच गेट पण व्हॉल्व्हच्या तोंडापर्यंत मधली भिंत नेलेला पाईप. दोन गेट असतील तर स्प्रिंग सारख्या आणि दोघांची नळी सारख्या लांबीची.

मांजरापट्टा

आता बूस्ट कंट्रोल. स्प्रिंग म्हणजे तळाचा बूस्ट, त्याच्या खाली तुम्ही जाऊच शकत नाही. म्हणून स्प्रिंग हवी त्यापेक्षा हलकी निवडायची आणि वरचा भाग सोलेनॉइडने घ्यायचा. तीन पोर्टाच्या सोलेनॉइडने स्प्रिंगच्या साधारण दुपटीपर्यंत बूस्ट नीट सांभाळता येतो. त्यापुढे जायचं तर जड स्प्रिंग, नाहीतर चार पोर्टाचा सोलेनॉइड.

जोडणी अशी. खालचा पोर्ट कॉम्प्रेसर हाउसिंगला थेट, मध्ये सोलेनॉइड नाही. वरचा पोर्ट सोलेनॉइडच्या सामाईक पोर्टला. सोलेनॉइडचा दुसरा पोर्ट हाउसिंगच्या बूस्टला, तिसरा हवेला. वीज नसताना वरचा पोर्ट हवेला जोडलेला राहिला पाहिजे, म्हणजे वायर तुटली तरी बूस्ट स्प्रिंगवर परत येतो. कोणता पोर्ट कोणता हे आकृतीवर विश्वासून ठरवू नका, तोंडाने फुंकून बघा: वीज न देता एकदा, १२ व्होल्ट देऊन एकदा. उलटा जोडला तर वीज नसताना सोलेनॉइड गेट बंद धरतो, आणि पहिल्याच ओढीत फ्युएल कट लागतो. कट लावलेला नसेल तर पिस्टन जातो.

ईसीयूमध्ये फ्रिक्वेन्सी २०-३० हर्ट्झ. आधी शून्य ड्यूटीवर (सोलेनॉइडला किती टक्के वेळ वीज द्यायची तो आकडा) लॉग घ्या आणि तो आकडा स्प्रिंगशी जुळतो का ते बघा. जुळत नसेल तर पुढे जायचंच नाही. मग ५-५ टक्क्यांनी वाढवा. १० टक्क्यांच्या खाली आणि ९० च्या वर सोलेनॉइड बहुधा नीट प्रतिसाद देत नाही, मधल्या पट्ट्यात काम करा. वरच्या गिअरमध्ये इंजिनवर भार जास्त वेळ राहतो, म्हणून तिसऱ्यात ठरवलेली ड्यूटी चौथ्या-पाचव्यात जास्त बूस्ट देते. ट्यूनिंग वरच्या गिअरवर करा किंवा गिअरप्रमाणे कमी करा. स्पाइक येत असेल तर टारगेटच्या ०.२ बार आधीच ड्यूटी उतरवायला सुरुवात करा.

वरच्या आरपीएमला बूस्ट गळत असेल तर ड्यूटी वाढवून बघा. वाढला, तर एक्झॉस्टचा दाब व्हॉल्व्ह ढकलतोय, जड स्प्रिंग टाका. १०० टक्क्यांवरही हलला नाही, तर टर्बोची ताकद तिथे संपली, गेटला दोष देऊ नका.

गोदाकाठ

उंचीचा मुद्दा राहिला. गेटची स्प्रिंग बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजते, मॅप सेन्सर शून्यापासून मोजतो. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर, तिथे हवा ९४.७ किलोपास्कल धरा. ०.७ बार स्प्रिंगवर मॅप १६५ दाखवेल. तीच गाडी मुंबईत १७१ दाखवेल. मुंबईच्या ट्यूनरने १७१ चं टारगेट भरून दिलं तर इथे सोलेनॉइड जादा ड्यूटी देऊन ते गाठायला जातो. टर्बोला मुंबईतल्या १.६९ ऐवजी १.८१ चा प्रेशर रेशो (दाबलेल्या हवेचं प्रेशर भागिले बाहेरचं) गाठावा लागतो, तो जास्त फिरतो, हवा जास्त तापते. वरून आपला उन्हाळा. म्हणून टारगेट स्थानिक हवेवर धरा, आणि इनटेक हवेचं तापमान ५५-६० च्या पुढे गेलं की बूस्ट आणि इग्निशन दोन्ही कमी होतील असा तक्ता ईसीयूमध्ये ठेवा.

बालाघाट_बीड

चाचणी केली. ०.३ ची स्प्रिंग, हाउसिंगवरून थेट नळी, वरचा मोकळा, डायनोवर चौथा गिअर. ३५०० ला ०.३५, ५००० ला ०.६, ६२०० ला ०.९.

नळी बदलल्यावर एक फरक दिसला, अर्ध्या थ्रॉटलला बूस्ट आता शांत राहतो.

मांजरापट्टा

मग शंका उरली नाही. पाईप.

लेथवाला_वाळूज

मॅनिफोल्ड बाहेर काढा. ४ नंबर रनरचा फाटा कापून तिथे त्याच जाडीचा तुकडा आतून मिळवून वेल्ड करा, आत ओठ राहू देऊ नका. नवीन फाटा कलेक्टरवर, टर्बोच्या फ्लँजच्या ४-५ सेंमी अलीकडे, जास्तीत जास्त ४० अंशांत. पाईपाचा आतला व्यास ३८ पेक्षा कमी नको, ४०-४१ मिळाला तर घ्या. बेंड एकच, मोठ्या वळणाचा. आधी टॅक मारून गाडीत बसवून बघा: डायफ्रामचा डबा मॅनिफोल्डच्या डोक्यावर उभा येता कामा नये, बाजूला आणि वाऱ्यात आला पाहिजे. बॉनेट, स्टिअरिंगचा दांडा, ब्रेकच्या नळ्या यांपासून किमान ३ सेंमी. गेटला पाण्याचे पोर्ट असतील तर कूलंट जोडा. हीट रॅप पाईपाला गुंडाळा, डायफ्रामच्या डब्याला नाही. डबा गुंडाळला तर उष्णता आतच कोंडते.

शेंद्रा_टर्बो

मॅनिफोल्ड बाहेर आहे तोवर गेटही टेबलावर तपासून घ्या. बाजारात नावाजलेल्या कंपन्यांच्या हुबेहूब नकला भरपूर आहेत. त्यांचा डायफ्राम पातळ आणि स्प्रिंगचा आकडा भरवशाचा नसतो.

०-२ बारचा रेग्युलेटर आणि गेज लावून खालच्या पोर्टात हळूहळू हवा द्या. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा रेग्युलेटरशिवाय सोडू नका, ८ बारमध्ये डायफ्राम फाटतो. व्हॉल्व्ह सीटवरून सुटतो तो आकडा लिहून ठेवा, मग पूर्ण उघडतो तो. दोन्हींत अंतर असतंच, स्प्रिंग दाबली जाताना जड होते. पूर्ण उघडल्यावर व्हॉल्व्ह व्यासाच्या चौथ्या भागाइतका उचलला पाहिजे, ३८ ला साडेनऊ मिमी. तेवढ्या उचलीला कडेची फट आणि तोंडाचं क्षेत्रफळ सारखं होतं. त्याहून बरंच कमी उचलत असेल तर ते गेट नावालाच ३८ चं आहे. हवा एक मिनिट कोंडून ठेवा. वरच्या पोर्टातून फुसफुस आली तर डायफ्राम गेला. दांड्यापाशी किंचित गळती चालते. शेवटी आतून टॉर्च मारून सीटभोवती उजेड दिसतो का बघा. कार्बनचा खडा अडकला तरी व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, टर्बो उशिरा भरतो, आणि लोक टर्बो बदलायला निघतात.

बालाघाट_बीड

गेट ०.५८ ला सुटतं, पूर्ण उघडायला ०.९५ लागतात, उचल ९ मिमी. गळती नाही. ०.६ चीच स्प्रिंग परत टाकून मोजलंय.

शेंद्रा_टर्बो

गेट चांगलं आहे, तेच ठेवा. नवीन फाटा झाल्यावर पुन्हा ०.३ च्या स्प्रिंगपासूनच सुरू करा. ६२०० पर्यंत ०.४५ च्या आत राहिला तर ०.६ टाका, ५००० ची मर्यादा काढा, फ्युएल कट मात्र १७५ लाच राहू द्या. डायनोचे दोन्ही लॉग इथे टाका.